नाव बदललं आहे

फेब्रुवारी उजाडला की बर्नाडेट कोवाल्चिकच्या टेबलावर निबंधांचा गठ्ठा येई आणि तिच्या तोंडाची चव जाई. गेली एकवीस वर्षं ती क्लीव्हलँडमधल्या एका लॉ कॉलेजचं मोफत वकिली केंद्र चालवत होती. गरीब भाडेकरूंचे खटले विद्यार्थी लढवायचे आणि त्यांनी घोळ घातला की निस्तरायला मागे बर्नाडेट उभी असायची. ते काम तिला मनापासून आवडे. निबंध वाचायचं काम मात्र तुंबलेली मोरी हाताने उपसावी तसं वाटे.

निबंध शिष्यवृत्तीसाठी असत. दोन वर्षं लोकहिताची वकिली करायची, पगार शिष्यवृत्तीतून. जागा एक आणि प्रश्न दरवर्षी तोच: ‘लोकहिताच्या कामाकडे तुम्ही का ओढले गेलात?’ यंदा एक्केचाळीस जण ओढले गेले होते. कुणी ग्वाटेमालात दोन आठवडे शाळेची भिंत रंगवून आला होता आणि तेव्हापासून म्हणे त्याला झोप नव्हती. कुणाला लहानपणी गाडीच्या काचेतून एक भिकारी दिसला होता. प्रत्येक निबंधात एक गरीब माणूस हजर. त्याचे हात भेगाळलेले आणि डोळे थकलेले, पण आशेने चमकणारे. बर्नाडेटने या शहरातले गरीब एकवीस वर्षं समोर बसवून पाहिले होते. त्यांचे डोळे बहुतेक वेळा भिंतीवरच्या घड्याळाकडे असत, कारण बस चुकली तर पुढची पाऊण तासाने.

वाचता वाचता ती मोठ्याने म्हणे, “शी.” शेजारच्या खोलीतल्या क्लार्कबाईंना त्याची सवय झाली होती. “कितवा?” त्या भिंतीपलीकडून विचारत. “सतरावा,” बर्नाडेट म्हणे. “याच्या आजीने मरताना याचा हात धरला आणि न्याय हा शब्द उच्चारला.”

“माझी आजी मरताना म्हणाली, खिडकी लावा.”

“मग तुम्हाला शिष्यवृत्ती नाही.”

आता खरं सांगायचं तर या घाणीचा एक उगम बर्नाडेटच्याच वर्गात होता. दर जानेवारीत ती बुधवारी दोन तासांचा एक वर्ग घ्यायची. जाहिरातीच्या कागदावर त्याचं नाव ‘तुमचं “का” शोधा’. ते नाव डीनबाईंचं, पण शिकवणारी बर्नाडेट. फळ्यावर ती तीन ओळी लिहायची: एक माणूस. एक खोली. एक नेमका तपशील. मुलं वहीत उतरवून घ्यायची. मग महिन्याभराने तिच्याच ओळी भेगाळलेले हात घेऊन तिच्याच टेबलावर परत यायच्या आणि ती शी म्हणायची.

कॅसिडी ब्रँट तिसऱ्या वर्षाला होती. बाप दातांचा डॉक्टर, घर चांगल्या उपनगरात, पोरगी उंच आणि वेळेची पक्की. केंद्रात दीड वर्षं काम करत होती आणि एकदाही उशिरा आली नव्हती. तिने पहिला खर्डा आणून दिला तो पाऊण पानाचा होता. त्यात लिहिलं होतं:

‘मी या केंद्रात आले कारण त्यामुळे माझा शुक्रवार मोकळा राहत होता. नंतर टिकले ते वेगळ्या कारणाने. नोटिशीवरची तारीख चुकलेली सापडली की मला आतून बरं वाटतं. घरमालकाचा वकील महागड्या सुटात येतो आणि त्याची तारीख चुकलेली असते. मला लोकांविषयी फार प्रेम आहे असं मी म्हणू शकत नाही. मला चुकलेली तारीख सोडवत नाही, इतकंच.’

बर्नाडेट वाचताना हसली. खळखळून हसली. असं काही तिने कित्येक वर्षांत वाचलं नव्हतं. आणि मग तिने हिरव्या शाईचं पेन उचललं आणि त्या ओळींवरून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली.

“हे आमच्या निवड समितीपुढे चालणार नाही, कॅसिडी.”

“पण प्रोफेसर, खरं हेच आहे.”

“असेल. खऱ्याला दोन वर्षांचा पगार मिळत नाही.” बर्नाडेट समासात लिहू लागली. यात माणूस कुठे आहे? कुणाचं घर? घरात कोण आहे? दाखव. “मिस ओडेसांकडे गेली होतीस ना फोटो काढायला? तिथून सुरुवात कर.”

“त्यांचा खटला अजून चालू आहे.”

“नाव बदल म्हणजे झालं,” बर्नाडेट म्हणाली आणि पुढचा कागद ओढला.

ओडेसा प्रुइट त्रेसष्ट वर्षांची होती. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या ताटात वाढून निवृत्त झालेली. रविवारी चर्चमध्ये पहिल्या रांगेत. कुठल्याही महत्त्वाच्या जागी, म्हणजे चर्चमध्ये, बँकेत आणि वकिलाकडे, ती एकच मरून कोट घालून यायची, वरच्या बटणापर्यंत लावलेला. ती राहत होती ती इमारत कमी उत्पन्नाच्या वयस्क लोकांसाठी होती. भाड्याचा मोठा भाग सरकार भरायचं आणि म्हणून घरात कोण कोण राहतं त्याची यादी मालकाकडे असायची. यादीबाहेरचा पाहुणा दोन आठवडे चालतो. त्याहून जास्त राहिला तर घर जातं, सवलत जाते आणि ती पुन्हा मिळणं जवळजवळ अशक्य.

डिसेंबरात इमारतीतलं हीटिंग बंद पडलं. अकरा दिवस. खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरलं. ओडेसाने स्वयंपाकाच्या ओव्हनचं दार उघडं ठेवून दिवस काढले, आणि बाराव्या दिवशी पालिकेच्या तपासनीसाला बोलावलं. तो आला, लिहून घेऊन गेला. तीन आठवड्यांनी मालकाची नोटीस दारावर चिकटली: ‘तुम्ही ओव्हन धोकादायक रीतीने वापरता, घर खाली करा.’ एवढा निर्लज्जपणा बर्नाडेटलाही नवा होता.

नोटिशीतली चूक कॅसिडीने पकडली. कागद दारावर जानेवारीत लागला होता, पण तळाला बारीक अक्षरांत मजकूर तयार केल्याची तारीख राहून गेली होती, तपासनीस येऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवसाची. म्हणजे तक्रार केली म्हणून काढतायत, हे कागदच सांगत होता. कॅसिडी ती तारीख दाखवायला धावत आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. खटला जिंकल्यात जमा होता.

फक्त एक गोष्ट होती, आणि ती ओडेसाने स्वतःहून सांगितली. केंद्रातल्या लहान खोलीचं दार लावून बर्नाडेट प्रत्येकाला सांगते तसं तिला म्हणाली होती, “या खोलीत बोललेलं या खोलीतच राहतं. आमच्यापासून काही लपवू नका.”

ओडेसाने कोटाचं वरचं बटण काढलं. “माझा भाऊ आहे, लेस्टर. एकोणीस वर्षांनी ऑक्टोबरात सुटला. दोन्ही मूत्रपिंडं गेलीत त्याची. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या यंत्रावर जातो, ते केंद्र माझ्या दारासमोर, रस्त्यापलीकडे. माझ्याच सोफ्यावर झोपतो. यादीत त्याला कोण घेणार? तुरुंगातनं आलेला माणूस. तर तो यादीत नाही.”

“किती दिवस झाले?”

“ऑक्टोबरपासनं मोजा की. दोन आठवडे कधीच झाले.”

बर्नाडेटने ते पिवळ्या कागदावर लिहिलं, फाइलच्या तळाला ठेवलं आणि कॅसिडीला म्हणाली, “हे कुठेही नाही.” कॅसिडीने मान डोलावली. ती तिने मनापासून डोलावली होती, यात शंका नाही.

निबंधाचा दुसरा खर्डा समितीपुढे आला तेव्हा बर्नाडेट त्या दिवशीचे एकोणचाळीस वाचून बसली होती. तिने डोळे चोळले आणि हा उघडला.

‘मिस रूबीच्या रिकाम्या स्वयंपाकघरात ओव्हनचं दार उघडं होतं. तेवढीच काय ती ऊब. सोफ्यावर तिचा भाऊ पडला होता, मनगटावर यंत्राच्या सुईची पट्टी. तो शरद ऋतूपासून तिथेच झोपतो. त्याचं नाव कुठल्याच यादीत नाही. एकोणीस वर्षं सरकारच्या यादीत असलेल्या माणसाला आता बहिणीच्या घरातही नाव नाही. तिने माझा हात हातात घेतला. तिचे हात भेगाळलेले होते. त्या क्षणी मला कळलं, मी इथे का आहे.’

बर्नाडेटच्या डोळ्यांत पाणी आलं. हे लिहायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्या पाण्यामुळे झालं. यादीचं वाक्य तिला फार आवडलं. दोन याद्या एकमेकींवर कशा आपटवल्यात पोरीने, असं तिला वाटलं. माणूस होता, खोली होती, नेमका तपशील होता. आपण पेरलेलं उगवलेलं पाहून शिक्षकाला होतो तो आनंद तिला झाला. तिने वर ‘उत्कृष्ट’ लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या. ओडेसा प्रुइटची वकील म्हणून ते पान तिने एक क्षणही वाचलं नाही.

एप्रिलमधे सरोवराकाठच्या हॉटेलात कॉलेजचं वार्षिक भोजन झालं. शिष्यवृत्तीच्या निधीसाठी हे भोजन असतं आणि त्याला शहरातले सगळे वजनदार वकील येतात. वर्षभर लोकांना घराबाहेर काढायचं आणि एप्रिलमधे एका संध्याकाळी त्याच लोकांच्या नावाने चिकन खायचं. बर्नाडेटला त्या दालनात शिरणंच नको वाटे, पण जावं लागे. प्रत्येक ताटाशेजारी मलईच्या रंगाची स्मरणिका ठेवली होती. तिसऱ्या पानावर यंदाचा विजेता निबंध छापला होता, तळाला एक चांदणी आणि बारीक अक्षरांत: नाव बदललं आहे.

सहाव्या टेबलावर डग्लस रिंकर बसला होता. याच कॉलेजचा माजी विद्यार्थी, निधीला दरवर्षी हात सैल सोडून देणारा, आणि शहरातल्या अर्ध्या घरमालकांचा वकील. ओडेसाच्या मालकाचाही तोच. त्याने चष्मा नाकावर घेतला आणि पाव चावत चावत निबंध वाचला. मग थांबून पुन्हा वरून वाचू लागला. बर्नाडेट दुरून पाहत होती आणि तिला बरंच वाटत होतं, म्हटलं, वाच मेल्या, तुझ्यासारख्यांनीच वाचायला हवं. गोड खायच्या वेळी तो उठून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

“बर्नी, काय लिहिते गं ही पोरगी.” त्याने स्मरणिकेवर बोट आपटलं. “ते ओव्हनचं उघडं दार. डोळ्यांसमोर घर उभं राहतं. अगदी पत्त्यासकट.”

तो हसत निघून गेला. बर्नाडेटच्या हातात चमचा तसाच राहिला. तिने शेजारच्या माणसाची स्मरणिका ओढून घेतली आणि निबंध पहिल्यांदाच वाचला. सोफा. यंत्राची पट्टी. शरद ऋतूपासून. कुठल्याच यादीत नाही. जे पिवळ्या कागदावर फाइलच्या तळाला होतं ते जसंच्या तसं अडीचशे प्रतींत छापून ताटाशेजारी मांडलं होतं. फक्त ओडेसाची रूबी झाली होती.

कॅसिडी व्यासपीठाजवळ डीनबाईंबरोबर फोटोसाठी उभी होती. बर्नाडेटने तिला दंडाला धरून खांबाआड नेलं.

“यादीचं का लिहिलंस?”

“कुठल्या यादीचं?” मग पोरीचा चेहरा हळूहळू उतरला. “पण नाव बदललं होतं, प्रोफेसर. तुम्हीच म्हणालात नाव बदल म्हणजे झालं. घरात कोण आहे ते दाखव, हेही तुम्हीच लिहिलं होतंत. माझ्याकडे तो कागद आहे.”

ती वाद घालत नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हतं. बर्नाडेटने तिचा दंड सोडला.

डीनबाईंना तिने तिथल्या तिथे सांगितलं. डीनबाई म्हणाल्या, “आता प्रती गोळा करायला लागलो तर ज्यांनी वाचलं नाही तेही वाचतील. आणि नाव तर बदललंय ना?” बर्नाडेटने स्वतः टेबलाटेबलांवरून फिरून स्मरणिका उचलायला सुरुवात केली. सत्तर-ऐंशी मिळाल्या. सहाव्या टेबलावरची रिंकरची जागा रिकामी होती आणि ताटाशेजारी काही नव्हतं.

सोमवारी सकाळी कोर्टाच्या तेराव्या मजल्यावर नेहमीची गर्दी होती. या कोर्टात न्याय आत होतो असं फक्त नवख्यांना वाटतं. बहुतेक घरं बाहेरच्या बाकांवर जातात, न्यायाधीशापर्यंत पोचायच्या आत, गुडघ्यावर ठेवलेल्या कागदावर सही होऊन. ओडेसा मरून कोट घालून तिसऱ्या बाकावर बसली होती. बर्नाडेट तिच्यापर्यंत पोचायच्या आधी रिंकरने वाट अडवली. त्याच्या फाइलमधून मलईच्या रंगाचा कोपरा डोकावत होता.

“ओव्हनची नोटीस मी मागे घेतो,” तो म्हणाला. “घाणेरडी नोटीस होती, मला कधीच आवडली नव्हती. त्याऐवजी नवी लावतो, यादीबाहेरचा माणूस घरात ठेवल्याची. किंवा मग ही बघ तडजोड. तीस दिवसांत घर सोडायचं, रेकॉर्डवर काही नाही, सवलत शाबूत. दुसरीकडे घर शोधायला बाई मोकळी. मी काही राक्षस नाही, बर्नी.”

“छापलेला निबंध पुरावा होत नाही, डग.”

“कुठे म्हणतोय होतो? मी बाईंना शपथेवर उभं करून एकच प्रश्न विचारीन. घरी कोण कोण राहतं.” त्याने आवाज खाली आणला. “आणि हे बघ, निबंध खरंच छान आहे. बायकोला वाचून दाखवला.”

बर्नाडेटला त्याची किळस आली, पण ती जुनी होती, एकवीस वर्षांच्या सवयीची. त्याखाली एक नवी किळस होती आणि ती त्याची नव्हती.

ती ओडेसाशेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. कुणी लिहिलं, कुणी लिहायला लावलं, कुणी ‘उत्कृष्ट’ म्हणून रेघा मारल्या, सगळं. मग कायद्याने सांगायला हवं तेही सांगितलं, की तुम्हाला दुसरा वकील घ्यायचा हक्क आहे आणि माझ्याविरुद्ध तक्रार करायचाही.

ओडेसा ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, “तुमच्याविरुद्ध तक्रार करायला मला वकील लागेल. तो फुकट कुठे मिळेल? तुमच्याकडेच ना?”

बर्नाडेटने फाइल मिटून मांडीवर ठेवली.

“बघू द्या काय लिहिलंय माझ्यावर.”

बर्नाडेटने स्मरणिका दिली. ओडेसाने पर्समधून चष्मा काढला आणि बोट ठेवून ओळीओळीने वाचलं. वाचता वाचता तिचं तोंड वाकडं झालं, नासकं दूध तोंडात जावं तसं.

“रिकामं स्वयंपाकघर,” ती म्हणाली. “माझं? त्या दिवशी पीचच्या फळांचा गोड कॉबलर भाजला होता मी. दोनदा घेतला तुमच्या पोरीने. आवडला म्हणाली म्हणून उरलेला काचेच्या डब्यात घालून दिला, निळ्या झाकणाच्या. ते कुठंय यात?”

“नाही लिहिलेलं.”

“आणि भेगाळलेले हात.” तिने दोन्ही हात पुढे धरले. नखं नीट कापलेली, फिकट रंग लावलेला. “तीस वर्षं शेकडो पोरांना वाढलं या हातांनी, रोज रात्री क्रीम लावते. हिने माझा हात धरला होता, मी नाही हिचा. रडायला आली होती. मीच म्हटलं, रडू नको बाळ, खा.” तिने स्मरणिका मिटून बाकावर ठेवली, आपल्यापासून जरा दूर. “भाऊ तेवढा बरोबर लिहिलाय. खोटं काही लिहायचं होतं तर तेवढं लिहायचं ना.”

“आपण लढू शकतो,” बर्नाडेट म्हणाली. “लेस्टर आजच कुठे तरी हलला—”

“कुठे हलला? निवाऱ्यात? तिथे त्याला सुईची जागा स्वच्छ ठेवता येईल?” ओडेसाने मान हलवली. “आणि तो माणूस मला बायबलवर हात ठेवून विचारणार, घरी कोण आहे. मी काय सांगू? मी पहिल्या रांगेत बसते, मिस बर्नाडेट.”

तिने सही केली. गुडघ्यावर पर्स, पर्सवर कागद. सही सावकाश आणि वळणदार केली, शाळेत शिकवलेली असावी तशी. मग पेनाचं टोपण लावून ते रिंकरला परत दिलं आणि बर्नाडेटकडे वळून म्हणाली, “माझा डबा परत पाठवा. बाकी मला तुमच्याकडनं काही नको.”

तीस दिवसांनी ती गेली. सवलत शाबूत होती, पण ती सवलत चालेल अशी इमारत जवळपास मिळाली नाही. भाचीच्या घराचं तळघर मिळालं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. लेस्टरला यंत्राकडे जायला आता दोन बस बदलाव्या लागत. मे संपेपर्यंत त्याच्या दोन फेऱ्या चुकल्या आणि तो दोनदा इस्पितळात जाऊन आला. हे बर्नाडेटला भाचीकडून कळलं, कारण ओडेसा तिचा फोन घेत नव्हती. बर्नाडेटने वकिलांच्या शिस्तमंडळाकडे स्वतःविरुद्ध तक्रार लिहून पाठवली. छापील पोच आली.

कॅसिडीला शिष्यवृत्ती मिळाली होतीच, ती काढून घ्यायचा नियम नव्हता. पण मेच्या शेवटच्या आठवड्यात ती केंद्रात आली तेव्हा शिष्यवृत्ती सोडल्याचं पत्र डीनबाईंना देऊनच आली होती. दोन महिन्यांत वाळली होती. एका हातात निळ्या झाकणाचा काचेचा डबा, घासूनपुसून चकचकीत केलेला. दुसऱ्या हातात दोन कागद.

“डबा माझ्या खोलीत होता,” ती म्हणाली. “मी त्यात पेनं ठेवत होते. लक्षातच नव्हतं.”

बर्नाडेटने डबा घेऊन टेबलावर ठेवला. “आणि हे?”

“दुसरीकडे अर्ज करतेय. डेट्रॉइटला, भाडेकरूंच्याच कामासाठी. मी हे काम सोडणार नाही, प्रोफेसर. त्यांनीही तोच प्रश्न विचारलाय.” तिने कागद पुढे धरले. “यात कुणाचं गुपित नाही. फक्त माझी चूक लिहिलीय. तुम्ही एकदा बघाल का?”

बर्नाडेटला ओरडावंसं वाटलं. त्या बाईचं घर गेलं ते पुरलं नाही, आता त्या घर जाण्याचाही निबंध. पण पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं आणि ती खोटं बोलत नव्हती. खोटं कसं बोलायचं ते तिला इथेच शिकवलं होतं, आणि तेच तिला आता खरं वाटत होतं. बर्नाडेटने टेबलाचा खण उघडला. आत पहिला खर्डा होता, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हिरवी रेघ मारलेला. तिने तो कॅसिडीकडून मागून घेतला होता आणि शिस्तमंडळाला त्याची प्रत पाठवली होती.

“हा पाठव,” ती म्हणाली.

कॅसिडीने वाचला. मग कसंनुसं हसली. “प्रोफेसर, यात तर काहीच नाही. तारखा आहेत नुसत्या. आणि आता...” ती शब्द शोधू लागली. “मिस ओडेसांनंतर मी तारखांविषयी कसं लिहू? ते फार थंड वाटेल.”

“तू तारखांवरच टिकली असतीस तर मिस ओडेसा आज त्यांच्या घरात असत्या.”

कॅसिडीचा चेहरा पांढरा पडला. नवे दोन कागद तिने टेबलावर ठेवले, “तरी एकदा वाचा, प्लीज,” म्हणाली आणि दार अलगद लावून गेली. पहिला खर्डा खुर्चीवर राहिला.

भिंतीपलीकडून क्लार्कबाई म्हणाल्या, “शी नाही म्हणालात आज?”

बर्नाडेटला भाचीच्या पत्त्यावर डबा पोचवायला निघायचं होतं. बसला अजून वीस मिनिटं होती. तिने उभ्याउभ्याच कागद पुढे ओढले. पहिलं वाक्य होतं: ‘कोर्टाच्या बाकावर एक बाई बसली होती आणि माझ्यामुळे तिचं घर जाणार होतं.’

बरं होतं वाक्य, पण बाई दिसत नव्हती. बर्नाडेट पुढे वाचत गेली, तिसऱ्या ओळीपाशी थांबली, आणि तेव्हा तिला आपला हात दिसला. हातात हिरवं पेन होतं. समासात लिहून झालं होतं: कोट कुठल्या रंगाचा?

तिने पेन टाकलं. शाई तिच्या बोटांना लागली होती, ती तिने स्कर्टला पुसली, पुन्हा पुसली. रंग तिला माहीत होता. मरून, वरच्या बटणापर्यंत लावलेला. आणि त्या वाक्यात तो फार छान दिसला असता.